देवीच्या अंघोळीचं पाणी

त्या दिवशी सकाळपासून माझ्या लेकीच्या पोटातलं बाळ हललं नव्हतं. मायाला आठवा महिना होता. पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे धुरकट दिसतंय म्हणत होती. डॉक्टरीणबाईंनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, लगेच जालन्याला घेऊन या. जावई नोकरीच्या गावी, आमचे हे लग्नाला परगावी. मग मीच निघाले. शाळेत शिकवायला जाता-येता जुनी गाडी मी रोजच चालवते, त्याची काही धास्ती नव्हती. निघताना देव्हाऱ्यातल्या रेणुकाईला हात जोडले, पण खरं सांगायचं तर भरवसा नव्हता. सासूबाईंनी घालून दिलं म्हणून मी कुळाचार करत आले. देवीकडे मागितलं की मिळतं, असं मला कधी वाटलं नव्हतं.

भोकरदन मागे पडलं तोवर सगळं ठीक होतं. हसनाबादच्या अलीकडे इंजिन तापल्याचा काटा चढायला लागला आणि बघता बघता लाल रेघेला टेकला. गाडी कडेला घेऊन बंद केली. भर दुपार, वैशाखाचं ऊन, दोन्ही अंगांना नांगरून पडलेली काळी रानं. रुग्णवाहिकेला फोन केला तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, बराच वेळ लागेल म्हणाले. एक जीप आली, तिच्या मागच्या पायरीवरही माणसं लोंबकळत होती. मोटारसायकलवर मायाला बसवणार कशी? ती मागच्या सीटवर उशीला रेलून पडली होती. पोटावरचा हात न काढता म्हणाली, "आई, अजून हलंना गं." हलेल, हलेल, असं मी म्हणत राहिले, पण माझा आवाज मलाच खरा वाटत नव्हता.

आदल्या दिवशी गावातल्या मिस्त्रीने गाडीचा फुटलेला पाण्याचा पाइप बदलून दिला होता. त्याला फोन लावला. तो म्हणाला, चावी फिरवून हीटर लावा आणि वारा कसा येतो ते सांगा. असल्या उन्हात हीटर! पण लावला. इंजिन एवढं तापलेलं, तरी वारा गरम नव्हताच. "मॅडम, आत हवा अडकली. पाणी फिरंना," तो म्हणाला. "भरताना वरून सांडू दिलतं का?" नव्हतं दिलं. पाणी मीच भरलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, भांडी विसळलेलं पाणीसुद्धा तुळशीला जातं. रेडिएटरच्या तोंडाशी पाणी दिसलं तसं मी झाकण लावून टाकलं होतं. एक थेंब वाया गेला नाही म्हणून स्वतःवर खूशही झाले होते. आता मिस्त्री सांगत होता की गाडी पुरती गार होऊ द्या, तोवर झाकणाला हात लावू नका. मग तोंड चढावर करा, इंजिन आणि हीटर चालू ठेवून सावकाश पाणी ओता, बुडबुडे थांबेपर्यंत ओतत राहा. माझ्याकडे पिण्याची अर्धी बाटली होती.

गार होण्याची वाट बघणं, एवढंच हातात होतं. मायाच्या तळव्यांना ओला रुमाल लावत मी तिथे बसले होते आणि मनात नको नको ते येत होतं. बाळाचं येत होतं, आणि मग मायाचंही येत होतं. शेवटी माझ्याच्यानं धीर धरवेना. मी रेणुकाईला म्हणाले, आई, मला काही येत नाही, आता तूच बघ. मागणं असं ते पहिलंच.

थोड्या वेळाने शेताच्या बांधावरून एक बाई आली. डोक्यावर हंडा, कमरेवर तांब्याची कळशी, गळ्यात कवड्यांची माळ. गाडीपाशी थांबून तिने मायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "देवीकडं पाठ करून कामून उभी केली जी गाडी? तोंड करा तिकडं." मला रागच आला. पण मागे वळून पाहिलं तर टेकाडावर रेणुकाईचं छोटंसं ठाणं होतं, आणि त्या सपाट रानात चढ म्हणून तेवढाच. घाबरलेल्या डोळ्यांना तो इतका वेळ दिसलाच नव्हता.

गाडी निवली होती. वळवून ठाण्याच्या चढावर घेतली, चाकाला दगड लावला. इंजिन आणि हीटर चालूच ठेवून झाकण काढलं. पाणी देवीच्या अंघोळीला चाललंय हे तिने सांगितलं होतं, म्हणून मागायला संकोच वाटला. तिने कळशी सरळ माझ्या हातात दिली. मी ओतू लागले. आत बुडबुड सुरू झालं. पाणी तोंडाशी आलं तसा माझा हात सवयीने थांबला. तिने खालून कळशीला हात लावला. "सांडू द्या जी," ती म्हणाली. "आतलं वारं निघून राह्यलं." पाणी इंजिनावरून वाहून मातीत जात होतं. मी डोळे मिटून ओतत राहिले. कळशी संपली, हंडा अर्धा झाला, तेव्हा बुडबुडे थांबले.

झाकण लावून आत बसले तर हीटरमधून भट्टीसारखा वारा येत होता आणि काटा खाली आला होता. त्या गरम वाऱ्याने मला रडूच कोसळलं. हीटर तसाच ठेवून, काचा उघड्या टाकून, घामाने निथळत जालना गाठलं. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र लावलं. त्या ते इकडून तिकडे सरकवत राहिल्या, तशी वेळ कुणावर येऊ नये. मग ठोके ऐकू आले, मंद, पण आले. लगेच ऑपरेशन झालं. नात झाली, मूठभर. मायाही वाचली.

नात अंगानं भरली तशी मी तिला घेऊन त्या ठाण्यावर गेले. ती बाई तिथेच झाडत होती. मी तिचे पाय धरायला वाकले तर तिने धरू दिले नाहीत. मी तिच्या पाण्याचं बोलले, तर म्हणाली, "मंग काय, परत विहिरीवर गेल्ते. त्या दिवशी देवीची अंघोळ उशिरा झाली, येवढंच."

मी घरून कळशी भरून नेली होती, टँकरच्याच पाण्याची. नातीला त्या बाईच्या मांडीवर दिलं आणि देवीच्या माथ्यावर धार धरली. पाणी पायऱ्यांवरून ओघळत मातीत गेलं. मी हात आवरला नाही.