शंकरपाळ्यांत काय घातलंय?

काकू दारातून हलायच्या नाहीत. दिवाळीचं ताट आपल्या हातात दिलं, वरचा रुमाल काढून घेतला, की उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या आणि आपण पहिला शंकरपाळा तोंडात घालेपर्यंत आपल्या जबड्याकडे बघत राहायच्या. "नंतर खाते हं, आत्ताच जेवले," असं सांगून सुटका नसे.

"एक खा की. एकानं काय व्हतंय?"

घास गिळलेला दिसला की त्यांची नजर जरा सैल व्हायची. मग आपण चांगल्या घरच्या माणसासारखं विचारायचं, "वा काकू, काय घातलंय यात?"

"कामून इचारायलात?"

मी मूळची साताऱ्याकडची. 'कामून' म्हणजे 'का म्हणून' हे मला लग्न होऊन संभाजीनगरला आल्यावर कळलं. पण त्या एका शब्दात किती संशय कोंबता येतो, ते काकूंनी शिकवलं.

तुमच्याही इमारतीत अशी एक बाई असेलच. नसेल तर तुम्ही नीट पाहिलेलं नाही. आमच्या काकू माझ्या समोरच्या दारात राहायच्या, मुलगा आणि सुनेबरोबर. माहेर देवगाव रंगारीकडचं, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातलं. दाराची साखळी त्या कधी काढायच्या नाहीत. फटीतून एक डोळा दिसायचा आणि आवाज यायचा, "कोणंय? काय पायजे?" सिलिंडरवाल्याला त्या सिलिंडर हलवून दाखवायला लावत. लिफ्टमधल्या आरशामागं कोणीतरी बसलंय अशी त्यांची खात्री होती, म्हणून गुडघे दुखत असले तरी जिन्यानं यायच्या. एकदा मी सहज विचारलं, "आज भाजी काय केली काकू?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच घरी येऊन आमच्या कुकरचं झाकण नीट लावलं.

अशी बाई दिवाळीला मात्र तळमजल्यापासून गच्चीखालच्या घरापर्यंत स्वतः ताट घेऊन फिरायची. चकली-चिवडा सगळ्यांकडे असतो तसाच. ताटाचा मान गुळाच्या शंकरपाळ्यांचा. बाहेरून साधे, जरा काळपट, कातणीनं कापलेल्या कडा वाकड्यातिकड्या. दाताखाली आले की आधी खुसखुशीत, मग एकदम साय खाल्ल्यासारखे मऊ, आणि शेवटी मागे एक वास राहायचा. रानाचा म्हणा, ओल्या गवताचा म्हणा. वाईट नव्हता. पण कशाचा होता ते कळायचं नाही, आणि न कळलेली गोष्ट आमच्या सोसायटीला पचत नाही.

बायकांनी तर्क लढवले. खवा असेल. खसखस असेल. कस्टर्ड पावडर असेल, गावाकडच्या लोकांनाही आता सगळं मिळतं. एका वर्षी काकू किराणा दुकानात गर्दीच्या वेळी मोठ्यानं म्हणाल्या, "सुंठ द्या बरं, जास्तीची." त्या दिवाळीत इमारतीतल्या निम्म्या घरांचे शंकरपाळे सुंठीनं इतके तिखट झाले की पोरांनी हात लावला नाही. काकूंच्या शंकरपाळ्यांत सुंठीचा कणही नव्हता. त्या वर्षी ताट देताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं होतं. हसू असावं. मला खात्री नाही.

माझा संशय वेगळा होता. दिवाळीच्या आधी काकूंकडे एक माणूस यायचा. फेटा, खांद्यावर घोंगडी, आणि हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पांढरा प्लास्टिकचा कॅन. तो काकूंचा भाऊ, एवढं सुनेनं सांगितलं होतं. त्याच्यासाठी मात्र साखळी निघायची. कॅन आत जायचा, आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या दाराखालून तळणाचा वास यायला लागायचा. आता दोन अधिक दोन कुणालाही करता येतं. फक्त कॅनमध्ये काय, ते कळत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सेक्रेटरींच्या मिसेस, म्हणजे आमच्या सेक्रेटरीवहिनी, माझ्या कानात म्हणाल्या होत्या, "हातभट्टी तर नसेल? बेकरीत नाही का, फुगायला काहीतरी घालतात." मी हसले. पण त्या वर्षीचा शंकरपाळा खाताना जरा हुंगून पाहिला, हेही खरं.

मग शेजारच्या इमारतीत चोरी झाली. आमच्याकडे लगेच वॉचमन आला, गेटला नवं कुलूप आलं आणि अनोळखी माणसाला आत सोडायचं नाही असं ठरलं. दिवाळी जवळ आली होती. मी ऑफिसातून परतत होते, तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. फेटा, घोंगडी, कॅन. खाली सेक्रेटरींनी लिहिलं होतं : 'सदर इसम कॅनमध्ये काय आहे ते सांगत नाही. सर्वांनी सावध राहावे.'

मी पोचले तेव्हा गेटपाशी गर्दी जमलेली. वॉचमन मला पाहून म्हणाला, "मॅडम, डब्बे में क्या है पूछो तो उलटा मेरेकोच पूछ रा."

"काय विचारतात?"

"कामून, बोलते."

बहिणीनं भावाला पक्कं पढवून ठेवलं होतं. तो बिचारा कॅन छातीशी धरून उभा होता आणि प्रत्येक प्रश्नाला तेवढं एकच उत्तर देत होता. सेक्रेटरी पोलिसांना फोन करायची भाषा करत होते. कोणी म्हणालं, वास घेऊन बघा. एकानं कॅनला हात घातला तसा तो मागे सरकला आणि गोणपाटातलं पाणी त्याच्या धोतरावर सांडलं. 'हे काकूंचे भाऊ आहेत,' असं मी सांगून पाहिलं, पण सगळ्यांचं लक्ष कॅनवर. मला ते बघवेना. मी वर धावले आणि समोरची बेल दाबली.

फटीत डोळा आला. मी सांगितलं. साखळी निघायला थोडा वेळ लागला. काकू अनवाणीच खाली उतरल्या.

"आक्का, म्या काय बी सांगितलं नाय," भाऊ म्हणाला.

"ठावं हाय मला."

सेक्रेटरी जरा नरमले. "काकू, तसं काही नाही हो. फक्त यात काय आहे तेवढं सांगा. नियम सगळ्यांना सारखे."

काकूंनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला वाटलं, आता 'कामून' येणार. आलं नाही. त्यांनी भावाच्या हातातून कॅन घेतला, झाकण फिरवलं आणि सगळ्यांसमोर धरला.

"दूध हाय. मेंढीचं. दरसाल ह्याच्यातच गूळ इरघळवते अन् शंकरपाळ्याचं पीठ भिजवते. तुम्ही समद्यांनी खाल्लंय."

एका बाईनं ओढणी तोंडाला लावली. सेक्रेटरीवहिनी जमिनीकडे पाहू लागल्या. दूधच ते, विष नव्हे. पण आपल्या लोकांना गाय कळते, म्हैस कळते, बकरीपर्यंत कसंबसं पोचता येतं. मेंढी म्हटलं की नाक आपोआप मुरडतं. काकूंनी ते सगळ्यांच्या चेहऱ्यावर वाचलं. त्यांना दुसरं काही वाचायची गरज कधी पडली नव्हती. झाकण लावून त्या भावाला म्हणाल्या, "चल वर. च्या ठेवते."

त्या दिवाळीला ताट आलं नाही. तळणाचा वास आला, दिवसभर आला, पण दार उघडलं नाही. मी पहिल्या दिवशी वाट पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. फार वाईट वाटत होतं, आणि काय करावं ते सुचत नव्हतं. फराळ घेऊन जावं तर त्या म्हणणार, ताट भरून परत करायला भाग पाडायला आली. शेवटी मी एक ताट घेतलं, धुतलं, पुसलं, आणि रिकामंच घेऊन समोर गेले. आपल्याकडे दुसऱ्याच्या दारात कोणी रिकामं ताट नेत नाही. हे मला माहीत होतं, आणि काकूंनाही.

डोळा ताटावर स्थिरावला. "काय पायजे?"

"शंकरपाळे."

साखळी निघाली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर मोठा पत्र्याचा डबा काठोकाठ भरलेला होता. सगळ्या इमारतीला पुरतील एवढे शंकरपाळे त्यांनी केले होते, नेहमीसारखेच.

"काकू, आधीच सांगितलं असतं तर?"

त्यांनी 'कामून' म्हटलं नाही. डब्यातला हात तसाच ठेवून त्यांनी सांगितलं.

"नवी लगीन हून आले तवा सांगितलं व्हतं एका बाईला. जुन्या घराशेजारची. लई गोड बोलायची. म्या वाटीभर दिलं, सांगितलं काय हाय ते. माझ्या म्होरं हसून घेतलं अन् मागल्या दारानं नालीत टाकलं. म्या बगितलं. माज्या माईच्या हातची रीत हाय ती. नालीत गेली." मग ताट भरू लागल्या. "तवापासून सांगत नाय. आधी खाल्लेलं बगते."

मला एकदम सगळं कळलं. ती साखळी, तो डोळा, जबड्यावरची ती नजर. रेसिपी चोरीला जाईल म्हणून ही बाई घाबरत नव्हती. कुणी नालीत टाकेल म्हणून घाबरत होती.

मी तिथंच ओट्यापाशी उभी राहून एक खाल्ला. काकू बघत होत्या. आता वासाचं नाव माहीत होतं, आणि तो तेवढाच चांगला होता.

"बाकीची ताटं?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. ज्याला पायजे तो यील."

काही आले, काही आले नाहीत. ज्यांनी इतकी वर्षं बोटं चाटली, त्यांतले काहीजण जिन्यात काकू दिसल्या की फोन काढून कानाला लावायचे. सेक्रेटरीवहिनी भाऊबीजेला आल्या, डबा ओढणीखाली लपवून. "ह्यांना सांगू नका," असं मला जिन्यात म्हणाल्या. त्यानंतर थोड्या वेळानं सेक्रेटरी स्वतः आले, वाटी खिशात घालून. तेही म्हणाले, "मिसेसना बोलू नका." मी दोघांनाही बोलले नाही.

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. शेवटचे काही महिने माहेरी, भावाकडे होत्या. मुलानं फ्लॅट भाड्यानं दिला. मी त्या दारासमोरून जाताना अजून हातातली भाजीची पिशवी उगाच झाकून घेते. कोणी बघत नाही, हे माहीत असूनही. आठवण फार येते. एवढा संशय घेणारं माणूस गेल्यावर आपल्याकडे लक्ष देणारं कोणी उरत नाही.

दिवाळीच्या आधी वॉचमनचा फोन आला. "मॅडम, वो डब्बेवाला आया है. आपका नाम ले रा."

भाऊ वर आला. कॅन तसाच, ओल्या गोणपाटात. तो त्यानं माझ्या उंबऱ्यावर ठेवला.

"आक्कानं सांगितलं व्हतं, म्या नसले तरी समोरच्या बाईला पोचव. आता मला इचारू नका कामून." आणि तो डोळे पुसत जिन्यानं उतरला. लिफ्ट त्यानंही घेतली नाही.

मी गूळ विरघळवला, पीठ भिजवलं, शंकरपाळे मंद आचेवर तळले. काकूंसारखे झाले नाहीत. कडा करपल्या, काही कडक झाले. पण वास तोच आला. पहिलं ताट समोर नेलं. आता तिथं एक नवी मुलगी राहते, कॉम्प्युटरवर घरूनच काम करते. तिनं दार पूर्ण उघडलं, साखळी नाही, काही नाही. "वाव काकू, काय घातलंय यात?"

"मेंढीचं दूध," मी म्हणाले.

तिचा हात ताटावर थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रुमाल काढून घेतला, आणि ती खाईपर्यंत दारातून हलले नाही.