ह्या वाकळेवर माझा हात फिरलाय

संक्रांतीनंतरचा मंगळवार, दुपारची वेळ. ठिकाण: अणदूर, आमच्या घराची रस्त्याकडची खोली. हजर: माझ्या थोरल्या जाऊबाई शकुंतला, म्हणजे अक्का, मी म्हणजे त्यांची धाकटी जाऊ मंगल, जळकोटहून शिवलेला माल घेऊन आलेली रजिया, आणि पुण्याहून फोनवर अक्कांचा मुलगा सचिन. कुठल्याही गोष्टीची सुरुवात अशी करायची मला सवय आहे. पतसंस्थेत सभांची इतिवृत्तं लिहून लिहून लागलेली. अक्का त्यावरून मला चिडवायच्या. "मंगल, माझ्या मयतीला पण हजेरी घेशील तू." ... घेतली. पण ती इथं देत नाही. मला त्या मंगळवारचं लिहायचं आहे, कारण अक्कांना काम करताना मी शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी.

काम म्हणजे वाकळांवरून हात फिरवणं. आमची गोधड्यांची ऑनलाइन विक्री आहे. सचिन आणि गिऱ्हाईक गोधडी म्हणतात, अक्का शेवटपर्यंत वाकळच म्हणाल्या. रजिया आणि तिच्या सोबतच्या बाया जळकोटला एका भाड्याच्या खोलीत बसून त्या शिवतात. शिवून आलेली प्रत्येक वाकळ अक्का सतरंजीवर पसरायच्या, हात धुऊन कोरडा करायच्या आणि डाव्या कोपऱ्यापासून तळवा टेकवून सरकवत न्यायच्या. आधी सुलटी बाजू, मग उलटी. आत मोडकी सुई राहिलीय का, गाठ टोचते का, टाका सुटलाय का, हे सगळं त्यांना तळव्याला कळायचं. डोळे रस्त्याकडे, तोंड बंद. मध्येच त्यांना कुणी बोलायला लावलं, की वाकळ पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून. त्यामुळे घरात सगळ्यांनाच गप्प बसायची शिस्त लागली होती. भाजीवालीसुद्धा उंबऱ्यात उभी राहून आधी आत डोकवायची आणि मग हळूच विचारायची, "झाला का हात?" त्या मंगळवारी सचिन फोनवरून संक्रांतीनंतरच्या ऑर्डरी सांगत होता. मी फोन कानाला घट्ट लावून नुसती "हं, हं" करत होते. रजिया भिंतीला टेकून बसली होती. अक्कांनी सगळा माल संपवला, कंबर धरून उठल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या आता गावोगावी." गुरुवारी सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला. सोलापूरला नेताना गाडीत बोलत होत्या. दवाखान्यात पोचल्यावर नाही.

अक्का शिवणकाम शिकवायच्या. भाऊजी शाळेत शिक्षक, आणि घराच्या पुढच्या खोलीत अक्कांचा क्लास. गावातल्या कितीतरी मुली त्यांच्याकडे पहिलं परकर-पोलकं बेतायला शिकल्या. भाऊजी गेल्यावर क्लास बंद पडला आणि अक्का दिवसभर नुसत्या खिडकीत बसायला लागल्या. सचिनला ते बघवेना. त्यानंच वेबसाइटची कल्पना काढली. कारभार वाटून घेतला तो असा: दुकान फोनवर उभं करायचं काम सचिनचं, शिवणकाम रजियाचं, पत्ते, पॅकिंग आणि कुरिअर माझं. अक्कांच्या वाट्याला काय, हे कुणीच ठरवलं नव्हतं. पहिला माल आला तेव्हा त्या आपणहून सतरंजीवर बसल्या आणि हात फिरवायला लागल्या.

पहिलं भांडण वेबसाइटवरच्या मजकुरावरून झालं. सचिननं पुण्यातल्या कुणा जाणकाराला विचारून लिहून आणलं होतं: ऐंशी वर्षांच्या आजीनं आपल्या जुन्या लुगड्यांच्या उबेतून शिवलेली गोधडी. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला सांगू? वाचून डोळ्यांपुढं चित्र उभं राहत होतं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण आज्जी?"

"आई, तसं लिहितात. लोकांना गोष्ट लागते."

"रजियाला आज्जी म्हनतो का तू? तिनं ऐकलं तर सुई घेऊन पुण्याला यील."

रजिया तिथंच होती. ती म्हणाली, "म्हनू द्या की, अक्का. पगार आज्जीचा वेगळा द्या फक्त." सगळे हसलो, पण अक्का हटल्या नाहीत. कापड सोलापूरच्या कटपीसचं आहे, नवीन आहे, एकदा धुतलेलं आहे, शिवणाऱ्या बाया तरण्या आहेत, तसंच लिही म्हणाल्या. सचिन वैतागला. "मग आपलं वेगळं काय? कुणी का घ्यावी आपल्याकडनं?" दोन-चार दिवस तो प्रश्न अक्का मनात घोळवत होत्या असं मला आता वाटतं. एकदा एक वाकळ संपवून घडी घालताना त्यांनी मला हाक मारली. "मंगल, सचिनला कळीव. ह्या वाकळंवर माझा हात फिरलाय. एवढंच लिही म्हनावं. दुसरं काय खरं सांगण्यासारखं न्हाय आपल्याजवळ."

सचिननं तेच वाक्य शुद्ध करून घातलं: "ह्या वाकळेवर माझा हात फिरलाय." खाली त्यांचं नाव. स्वतःचा फोटो त्या काढू देईनात, म्हणून वर फक्त हाताचा फोटो. निळ्या-लाल चौकटींवर टेकलेला तळवा आणि अंगठ्याजवळचा गोंदणाचा ठिपका. लोकांनी हेच धरून ठेवलं. अभिप्रायांत "अक्कांचा हात" असं लिहून यायला लागलं. न भेटलेली माणसं फोनवर त्यांची तब्येत विचारायची.

त्या वाक्याची किंमत मला दसऱ्याच्या सुमारास कळली. जळकोटच्या खोलीत रोज संध्याकाळी सगळ्या सुया एका डब्यात जमा करायचा नियम होता. अक्कांनीच घातलेला. एका संध्याकाळी रजियाचा फोन आला. "अक्का, एक सुई कमी भरतीय. सनाच्या घाईत चार दिस मोजायचं ऱ्हायलं हुतं. सगळं झाडून काढलं. मिळंना." तोपर्यंत त्या चार दिवसांतला बराच माल अक्कांच्या हाताखालून जाऊन सोलापूरहून पुढं निघाला होता, काही जवळच्या गावांत पोचलाही होता. मी म्हटलं, "तुम्ही हात फिरवलाय ना? मग आत सुई असूच शकत नाही." अक्कांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"हात माझाच हाय, मंगल. मशीन न्हाय."

मी समजावून पाहिलं. सुई खोलीतच कुठंतरी पडली असेल, उद्या दिवसाउजेडी सापडेल, एक दिवस थांबू. उगाच भीती घालून आपलंच नाव कशाला खराब करायचं? अक्का म्हणाल्या, "एक दिस थांबायचं आपुन, आन् त्या वाकळंवर झोपायचं दुसऱ्यानं?" आणि त्यांनी मला नंबर लावायला बसवलं. एकेकाला स्वतः सांगत गेल्या: "म्या अणदूरची शकुंतला बोलते. तुमच्याकडं आलेली वाकळ आंथरू नका. आत सुई आसंल, नसंलही. परत पाठवा, खर्च आमचा." एका बाईचं तान्हं त्याच वेळी वाकळेवर झोपलं होतं. फोनमधून तिचं दचकणं, बाळाला उचलणं, त्याचं रडणं, सगळं आम्हाला ऐकू आलं. अक्का फोन तसाच धरून बसल्या होत्या. मग बाई म्हणाली, "बाळ ठीक आहे..." अक्कांनी फोन माझ्या हातात दिला.

सुई नंतर सापडली. शिवणाऱ्यांपैकी एकीनं खोलीच्या दाराला बांधायचं झेंडूचं तोरण त्याच सुईनं ओवलं होतं, आणि शेवटच्या फुलात सुई तशीच खोचून तोरण वर बांधून टाकलं होतं. फुलं सुकून खाली यायला लागली तेव्हा ती दिसली. रजियानं कपाळावर हात मारला. "या अल्लाह! रोज हिच्याच खालनं ये-जा करतोय आपन!" परत आलेल्या एकाही वाकळेत काही निघालं नाही. पण एका गिऱ्हाइकानं तोवर लिहून टाकलं होतं की हे लोक सुया राहिलेल्या गोधड्या पाठवतात. सचिन म्हणाला, तक्रार करून हे काढून टाकता येईल, कारण हे खरं नाही. नाहीतर ओळखीच्यांकडून चांगलं-चांगलं लिहून घेऊ, हे खाली जाईल. अक्कांनी दोन्ही नाकारलं. "भ्यालेला माणूस हाय त्यो. म्याच भ्या घातलं. ऱ्हाऊ दे." मला सांगून त्याखाली उत्तर लिहून घेतलं. सुई कुठं सापडली तेसुद्धा, तोरणासकट. ऑर्डरी काही काळ मंदावल्या. मी धुसफुसत होते, आणि त्यांना ते कळत होतं.

अक्का कुणी साध्वी नव्हत्या, हेही लिहायला हवं. हट्टी होत्या. सगळा माल त्यांच्या एका तळव्यावर अडायचा. ताप आला, पाहुणे आले, की पार्सलं थांबायची आणि गिऱ्हाइकांची बोलणी मी खायची. "मला शिकवा, निम्म्या मी बघते," असं मी कितीदा म्हटलं. एकदा पसरलेल्या वाकळेशी बसलेसुद्धा. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि माझा हात उचलून बाजूला ठेवला. "तू लई घाईची हायेस. तुझं ध्यान पुढच्या कामावर." मला राग आला होता. खरं म्हणजे अजूनही आहे... कारण त्यांनी मला शिकवलं असतं, तर आज मी इतकी अडकून पडले नसते.

त्या गेल्या त्या गुरुवारनंतर आम्ही एकही नवी वाकळ पाठवलेली नाही. त्यांनी मंगळवारी बघितलेल्या होत्या, त्या पॅक करून पाठवल्या. त्या वाकळांबाबत ते वाक्य खरं होतं. त्यानंतर आलेल्या वाकळा खोलीत रचून ठेवल्या आहेत. फोनवर दुकान उघडलं की पहिल्यांदा दिसतो तो अक्कांचा हात, त्याखाली ते वाक्य, त्याखाली त्यांचं नाव. त्या वाक्याखालून नवा माल पाठवला तर कुणालाही कळणार नाही. मोठमोठी दुकानं गेलेल्या माणसांच्या नावावर चालतात, असं सचिन एकदा म्हणाला. पण त्याचा स्वतःचाच त्यावर भरवसा नव्हता. पुढं तोच म्हणाला, "काकू, मला कळतंय ते काढायला पाहिजे. दोनदा बसलो. आईचा हात आहे तो... माझ्याच्यानं होत नाही. तुम्हीच काढा." त्यानं मला पासवर्ड पाठवला. माझ्या रोजच्या कामांच्या यादीत हे काम पहिल्या नंबरला आहे. भाजी, बँक, गॅस, सगळ्यावर बरोबरच्या खुणा होतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत हे पुन्हा पहिलं. नवं वाक्यही मी लिहून ठेवलंय: "अक्का आता नाहीत. ह्या वाकळा मी बघते. मंगल." वाचते आणि वाटतं, हे तरी खरं आहे का? बघते म्हणजे काय बघते? माझ्या तळव्याला सुई कळेल?

काल रजिया आली. पुन्हा माल घेऊन. खाली ठेवला आणि उभ्या-उभ्याच बोलली. "मंगलताई, जुना माल हितंच पडलाय, म्या नवा आनतीय. बाया इचारतेत, दुसरं काम बघू का म्हून. म्या काय सांगू त्येंला? अक्का असत्या तर काम बंद ठिवलं नसतं."

"अक्का असत्या तर प्रश्नच नव्हता, रजिया."

"व्हय. पर त्या न्हायत."

इतकं सरळ आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं. मी सतरंजी टाकली, हात धुतले, कोरडे केले आणि सगळ्यात वरची वाकळ पसरली. हिरवी-पिवळी, कोपऱ्यांना तिकोनी लाल ठिगळं. डाव्या कोपऱ्यावर तळवा टेकवला. रजिया न सांगता भिंतीला टेकून बसली आणि गप्प झाली. मी हळू सरकत राहिले. टाक्यांच्या ओळी तळव्याखालून बारीक-बारीक जात होत्या. एका जागी काहीतरी टोचलं, थांबले, चाचपलं, दोऱ्याची गाठ होती. निम्म्याच्या पुढं गेले असेन. खोलीत इतकी शांतता मी जानेवारीनंतर ऐकली नव्हती... आणि फोन वाजला. मी तो उचलला. सवय. पुढचं काम.

पलीकडे एक बाई होत्या. मागं आमच्याकडून वाकळ नेली होती, आता मुलीच्या बाळंतपणासाठी आणखी एक हवी होती. "अक्का आहेत का? त्यांच्याशीच बोलायचं होतं."

"अक्का गेल्या," मी म्हटलं. "संक्रांतीनंतर."

त्या म्हणाल्या, "पण तिथं तर अजून त्यांचं नाव आहे."

"हो. काढायचं राहिलंय."

"मग आता कोण बघतं?"

मी रजियाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. "मी बघायला बसलेय," मी म्हटलं. "बघून झाली की तुम्हाला फोन करते." फोन ठेवला. वाकळ समोर निम्मी झालेली, निम्मी राहिलेली. मध्येच बोलले होते, म्हणजे पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून.

रजिया शेवटच्या बसनं जळकोटला गेली. ती वाकळ अजून सतरंजीवर तशीच पसरलेली आहे. वेबसाइटवर अक्कांचं वाक्य अजून तिथंच आहे.