पांढऱ्या रुमालाची खात्री

‘१२ डिसेंबर २०२४. सकाळी गारठा. तृप्ती गोव्याहून आली. दादा उद्याच्या भाषणाच्या तयारीत.’

एस्थरबाईंनी रोजनिशीत लिहिलं. त्यांचे थोरले भाऊ शमुवेलदादा बंदरावरच्या बोटीच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि विधवा बहिणीकडे शरणपूरला राहायला आले. समुद्रात तेल सांडलं की त्यांची बोट त्यावर तेलाचे बारीक थेंब करणारं औषध फवारी. मग दादा पांढरा रुमाल पाण्यात बुडवत आणि डाग पडला नाही, की समुद्र स्वच्छ झाल्याचं कळवत. आयुष्यभर त्यांनी याच कामाचा अभिमान बाळगला. उद्या गंगापूर रोडच्या शाळेत तेच सांगायचं होतं.

“पण आजोबा, तेल गेलं कुठे?” बाईंच्या समुद्रविज्ञान शिकणाऱ्या नातीनं, तृप्तीनं विचारलं.

“विरघळलं की! तुझ्या कॉलेजात एवढंही शिकवत नाहीत?”

तृप्ती हसली नाही. मेलेल्या सूक्ष्म जिवांचे चिकट कण समुद्रात बर्फासारखे सतत खाली पडत असतात, ती म्हणाली. फवाऱ्यानं बारीक झालेलं तेल पुष्कळदा त्यांना चिकटून तळाशी जातं. तिथली प्रवाळं, किडे त्याखाली गुदमरतात, आणि तो तळ वर्षानुवर्षं सावरत नाही.

दादांनी भाषणाचा कागद बाजूला ठेवला.

“वरवरचंच पाहिलं गं आम्ही, एस्थर. खाली कुणी डोकावलंच नाही.”

“मग उद्याचं राहू दे, दादा.”

“नाही, जातो. पण हेही सांगतो.”

त्या रात्री बाईंनी लिहिलं : ‘दादा जेवले नाहीत. त्यांच्या वाटणीची मेथीची भाजी फ्रिजमध्ये ठेवली.’