दिवेलागणीचा फोन

दिवेलागणीला आमच्या वॉर्डातला टीव्ही मी बंद करते. पोरं ओरडतात, त्यांच्या आया मनातल्या मनात मला शिव्या देतात. पण त्या वेळी गुरुजी स्पीकर लावून फोनवर असतात आणि पलीकडचा शब्द न् शब्द आम्हाला ऐकू यायला हवा असतो.

अमरावतीच्या एका दवाखान्यात कॅन्सर झालेल्या मुलांच्या वॉर्डात मी सिस्टर आहे. मी कडक आहे असं लोक म्हणतात. खरं तर मी भित्री आहे, आणि भित्र्या माणसाचा आवाज मोठाच असतो. कशाची भीती, तर तापाची. जोरकस औषध दिल्यावर आठवडाभरात लेकराच्या रक्तातली लढणारी ताकद पार तळाला जाते. तेव्हा ते घरी असतं, खेळत असतं, वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. अशात ताप आला आणि लगेच इंजेक्शन मिळालं, तर लेकरू वाचतं. ‘सकाळी पाहू’ म्हटलं, तर सकाळी पाहण्यासारखं काही उरेल याचा भरवसा नसतो.

म्हणून आमच्या मॅडमनी, म्हणजे वॉर्डाच्या डॉक्टरांनी, माणसांची साखळी बांधली होती. गुरुजी हे निवृत्त शिक्षक. त्यांनी रोज संध्याकाळी आमच्या टेबलावरून घरोघरी फोन करून विचारायचं, ताप आहे का. ताप असला तर त्या भागातल्या गाडीवाल्याला कळवायचं. अकोल्याकडची लेकरं आधी अकोल्याच्या एका बालरोगतज्ज्ञांकडे जायची, ते पहिलं इंजेक्शन द्यायचे आणि पुढे आमच्याकडे पाठवायचे. बाळापूरच्या बाजूला भाजीपाल्याची गाडी चालवणारे एक चाचा होते. त्यांचा नातू आमच्याकडे बरा झाला होता. तेव्हापासून त्यांचा फोन कधी बंद सापडला नाही.

वेळ संध्याकाळचीच ठरली, कारण ताप संध्याकाळी चढतो आणि बायका शेतातून तेव्हाच घरी येतात. सगळं रीतसर होतं. आणि तरी मागच्या पावसाळ्यात नांदगाव खंडेश्वरकडचा एक मुलगा आम्ही घालवला.

दोन संध्याकाळी त्याच्या आईनं गुरुजींना ‘बरं हाय’ असं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला आणलं तेव्हा त्याचे हातपाय गार होते. दुपारी मी त्याच्या खाटेवरची चादर काढली. ताप दोन दिवसांचा होता. आई खोटं बोलली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. गुरुजी तर कित्येक दिवस आमच्याकडचा चहासुद्धा घेत नव्हते. ती जाताना मी तिला एवढंच विचारलं होतं, “काहून नाही सांगितलं बाई?” ती म्हणाली, “त्या टायमाले कसं सांगू जी?” दुःखात माणूस काहीही बोलतं, असं समजून मी ते सोडून दिलं.

ते वाक्य मला माझ्याच घरात परत भेटलं. संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावत होते आणि बहिणीचा फोन आला. भाऊजींचा खोकला कसा आहे, तिनं विचारलं. माझे यजमान माझ्या पाठीमागे खोकून खोकून वाकले होते. मी म्हणाले, “बरं आहे.” फोन ठेवला आणि मला ती आई आठवली.

आमच्या आईची शिस्तच होती. तिन्हीसांजेला वाईट बोलायचं नाही. तेल संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. कोणी आजारी आहे म्हणायचं नाही. त्या वेळी वास्तू ऐकत असते आणि जे बोलाल त्याला तथास्तु म्हणते. आम्ही पोरं मुद्दाम काहीतरी अभद्र बोलायचो आणि ती पाठीत धपाटा घालून म्हणायची, “शुभ बोल रे नाऱ्या!” हे मी विसरले नव्हते. पण युनिफॉर्म अंगावर चढवला की आपण त्या घरातल्या नसतोच, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारलं, “तुमचा फोन सुरू झाल्यापासून संध्याकाळी कुठल्या घरातून ताप आहे असं कळलं?” गुरुजींनी आठवून पाहिलं. मग परत आठवून पाहिलं. एकाही घरातून नाही. आमच्याकडे तापाची जेवढी लेकरं आली, ती सगळी दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आली होती.

“अहो सिस्टर, आया आपल्या लेकराच्या जिवावर खोटं बोलतील?” गुरुजी दुखावल्या सुरात म्हणाले.

“खोटं नाही हो बोलत त्या. शुभ बोलतात.”

नेमकी तेव्हाच बाळापूरजवळच्या एका फूलवाल्यांच्या घरातली सहा वर्षांची मुलगी जोरकस औषध घेऊन घरी गेली होती. मोठी गोड आणि महाद्वाड पोरगी. सलाइन लावताना मला ‘टोचरी मावशी’ म्हणायची. पुढचा आठवडा तिचा धोक्याचा होता आणि रोज संध्याकाळी तिच्या घरून ‘बरं हाय’ येत होतं. मी सुट्टी टाकली आणि अकोल्याहून चाचांच्या गाडीत बसून बाळापूर गाठलं.

घराच्या मागेच झेंडूचं शेत. पोरगी अंगणात, जंतू लागू नयेत म्हणून तोंडाला फडकं बांधून फुलांपासून लांब बसली होती, जसं आम्ही सांगितलं होतं. पाणी उकळलेलं, फळं सोललेली, थर्मामीटर डबीत. सगळं आमच्या सांगण्याबरहुकूम. इतकं नीट पाळणारं घर मी पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. अंधारून आलं. पोरीच्या आजीनं दिवा लावला, हात जोडले, आणि फोन वाजला. आईनं उचलला. “बरं हाय जी गुरुजी,” ती म्हणाली. माझा हात पोरीच्या कपाळावर होता. त्या दिवशी खरंच बरं होतं.

मी आईला विचारलं, “ताप असता तर काय सांगितलं असतं?”

तिनं दिव्याकडे पाहिलं आणि मग सासूकडे.

आजीच बोलली. “दिवा लागल्यावर तसं बोलत नाई बाप्पा. घर आयकते.”

मी चिडले. घर ऐकतं की नाही मला माहीत नाही, पण गुरुजी ऐकतात, डॉक्टर ऐकतात, असं बरंच तोंडाला येईल ते बोलले. आजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माहा मोठा पोरगा गाडी घेऊन निघाला होता. असाच दिवा लागला होता. म्या रागानं म्हटलं, जाय, वापस येऊ नको. नाई आला तो.” एवढं बोलून ती वात सारखी करत बसली.

कोपऱ्यात बसलेले चाचा हळूच म्हणाले, “सिस्टर, हमारे में भी मगरिबच्या नमाजाच्या टायमाले पोट्ट्यांले बाहेर सोडत नाईत. भांडू नका. दुसरं काही सोचा.”

शेवटी मीच तोड काढली. ताप हा शब्द बोलूच नका. थर्मामीटरचा आकडा तेवढा सांगा. आकडा शुभ नाही, अशुभही नाही. आजीनं विचार केला आणि मान डोलावली. “आकड्याले काही नाई.” आईला एवढं हलकं वाटलं की ती रडायलाच लागली. येताना घरच्यांनी मला गाडीभर झेंडू देऊ केला; वॉर्डात फुलं चालत नाहीत हे त्यांना पाठ असूनही. मी अमरावतीला परतले ती स्वतःवर खूश होऊन. मॅडमनी लगेच सगळ्या घरांना आकड्याचं सांगितलं. माणूस खूश झालं की काहीतरी विसरतं, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं.

पुढच्या संध्याकाळी आकडा आला, अठ्ठ्याण्णव. त्याच्या पुढच्या संध्याकाळीही तोच. मग दसऱ्याचा आदला दिवस आला. झेंडूवाल्यांचं वर्ष त्या दिवसावर असतं. दिवस मावळला तरी आई-बाप दोघं फुलं तोडायला शेताच्या पार पलीकडच्या टोकाला होते, कारण घरात आजी होती आणि दुपारपर्यंत पोरगी ठणठणीत होती. गुरुजींनी फोन लावला. मी टीव्ही बंद केला. फोन वाजत राहिला, वाजत राहिला, आणि मग उचलला गेला. कोणी बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता.

“आकडा सांगा,” गुरुजी म्हणाले.

“मले आकडे वाचता येत नाईत जी,” आजी म्हणाली.

आजी शाळेत गेलेली नाही, हे त्या घरात तासभर बसून माझ्या लक्षात आलं नव्हतं. पलीकडे पोरीचं कण्हणं ऐकू आलं. गुरुजींनी तोंड उघडलं, पण मी त्यांना हातानं थांबवलं. का थांबवलं, सांगता येत नाही. फोनमधून देवघरातली छोटी घंटा कशाला तरी लागून किणकिणली. आणि मग आजी मोठ्यानं, जवळजवळ ओरडून बोलली, “पोरीले ताप हाय. लय ताप हाय. गाडी पाठवा!”

चाचांची गाडी त्या वेळी झेंडूनं गच्च भरून अकोल्याच्या बाजाराला निघत होती. केबिनमध्येसुद्धा गोण्या होत्या. त्यांनी त्या रस्त्याच्या कडेला उतरवल्या, आजीला आणि पोरीला शेजारी घेतलं, आणि बाकीच्या फुलांसकट थेट अकोल्याच्या डॉक्टरांच्या दारात गाडी उभी केली. डॉक्टर इंजेक्शन भरून पायरीवर थांबले होते. ॲम्ब्युलन्समधून पोरगी आमच्याकडे आली तेव्हा डोळे अर्धे उघडे होते. मी सलाइन लावलं तेव्हा तिनं मला टोचरी मावशी म्हटलं नाही.

दसऱ्याला सगळं गाव सोनं वाटत होतं आणि आजी वॉर्डाच्या बाहेर भिंतीला टेकून बसली होती. ती चहा घेईना, पाणी घेईना. मी शेजारी बसले तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला. “सिस्टर, म्या दिव्यासमोर बोलली. घरानं आयकलं असन का?”

“घराचं जाऊ द्या आजी. आम्ही ऐकलं ना.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान पोराच्या बडबडीकडे पाहतात. आणि खरं सांगते, आत पोरीचं ब्लडप्रेशर खाली खाली जात होतं, आणि माझ्याही मनात एकदा आलंच, ऐकलं असेल का?

पोरगी त्यातून वाचली. दिवाळीच्या आत घरी गेली. पण या आजाराचं औषध लांबलचक असतं, अजून बरंच बाकी आहे, आणि धोक्याचे आठवडे परत परत येतात. आकड्यांचा उपाय इतर घरांत चालतो. त्या घरात मात्र आता फोन आजीच उचलते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. बरं असलं की दिव्यासमोर उभी राहून लगेच सांगते, “बरं हाय.” आणि तसं नसलं तर काय करायचं, हेही तिनंच ठरवलं आहे. घराला ऐकू जाऊ नये म्हणून ती फोन घेऊन दाराबाहेर जाणार, अंगण ओलांडणार आणि रस्त्यावर पोचल्यावर बोलणार. मी तिला वेड्यात काढलं नाही. म्हटलं, चला, पण भरभर चाला.

काल संध्याकाळी मी नेहमीसारखा टीव्ही बंद केला. गुरुजींनी बाळापूरला फोन लावला. पहिल्याच घंटीला तो उचलला गेला. गुरुजी म्हणाले, “बोला आजी.” आजी बोलली नाही. दाराची कडी काढल्याचा आवाज आला, आणि मग फरशीवरून चपला घाईघाईनं निघाल्या. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. ती रस्त्यापर्यंत पोचायची वाट न बघता मी दुसऱ्या फोनवरून चाचांना गाडी काढायला सांगितलं.