एक महिना आधीचं श्राद्ध

पंडितजी जेवून जिना उतरले. मी पान उचलत होते, तेवढ्यात नागपूरहून नणंदेचा फोन आला. दादाचं श्राद्ध आत्ताच आटोपलं, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, आज कसलं श्राद्ध? दादाच्या तिथीला अजून महिना आहे. माझ्याकडे दिवाळीचे लाडू संपले नाहीत अजून."

मी पान हातात धरून तशीच उभी राहिले. वडे, खीर, गवार, आमसुलाची चटणी, सगळं पहाटेपासून एकटीनं केलेलं. आणि दिवस चुकीचा.

"तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" तिनं विचारलं.

"आलं होतं," मी म्हणाले. "थंडी पडली नाही, हे दिसत होतं. पण फोन म्हणाला आज."

हा फोन म्हणजे काय, ते सांगते. माझे यजमान इथे झाशीत कारखान्यात इंजिनीयर होते. निवृत्त झाल्यावर ते कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायला शिकले. आम्ही मराठी माणसं महिना अमावास्येला संपवतो, झाशीतले लोक पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात इथलं पंचांग आपल्यापुढे एक महिना असतं. आपला कार्तिक चालू असतो आणि इथे अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागलेला असतो. सदर बाजारातून आणलेलं कॅलेंडर आम्हाला निम्मा महिना निरुपयोगी. म्हणून ह्यांनी आपल्या पद्धतीनं तिथी काढणारा एक लहान प्रोग्राम लिहिला आणि कुणीही वापरावा म्हणून मोकळा ठेवला. निरनिराळ्या गावच्या काही लोकांनी मिळून फोनवर चालणारं फुकट पंचांग केलं होतं, त्यात त्यांनी तो भाग बसवला. हे गेल्यावर त्या पंचांगात ह्यांची तिथी घातलेली होती, मार्गशीर्ष वद्य पंचमी. दोन वर्षं ते आठवण द्यायला बरोबर दिवशी वाजलं. तिसऱ्या वर्षी महिनाभर आधी वाजलं. आमचे मराठी गुरुजी मुलाकडे पुण्याला गेलेले, म्हणून लक्ष्मी गेटजवळच्या पंडितजींना विचारलं. ते आपलं पंचांग बघून म्हणाले, "हाँ अम्मा, अगहन बदी पंचमी, आज ही है." दोघांचं जुळलं. मी शंका घेणं सोडून दिलं.

त्या पंचांगात तक्रार लिहायला जागा आहे. मी चौथी शिकलेय, मराठी लिहिता येतं. लिहिलं, 'माझ्या नवऱ्याचा हिशोब तुम्ही बिघडवलात.' खाली नंबर दिला. तिसऱ्या दिवशी एका बाईचा फोन आला. नाशिकला नोकरी करते, हे काम संध्याकाळी फुकट करते म्हणाली.

"काकू, आम्ही बिघडवला नाही, काढला. काकांचा भाग नव्या फोनवर चालेना. आठ महिने पत्रं पाठवत होतो, उत्तरच नाही."

"मेलेला माणूस काय उत्तर देणार?"

ती म्हणाली, "आम्हाला माहीत नव्हतं हो. कुणी कळवलंच नाही."

कळवणार कोण? पत्रं ह्यांच्या कॉम्प्युटरवर येत होती, तीही इंग्रजीत. मी रोज त्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसत होते.

तिनं मग सांगितलं ते असं. ह्यांच्या भागाऐवजी त्यांनी दुसरा घेतला. तो पुष्कळ लोक मिळून सांभाळतात. पण तो राज्य विचारतो, आणि झाशी उत्तर प्रदेशात, म्हणून त्यानं इथली पद्धत लावली. इथे मराठी घरं आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"मग ह्यांचाच परत बसवा," मी म्हणाले. मला तेवढंच हवं होतं.

"बसवू. पण सांभाळणार कोण? काही मोडलं की दुरुस्त करायचं, लोकांना उत्तरं द्यायची. काका रोज करायचे ते. घरात आहे का कुणी?"

"मी आहे. चौथी पास."

ती हसली, मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र हसू आलं नाही. आम्हाला मूल नाही. हे सकाळी तासन्‌तास त्या खोलीत बसायचे, तेव्हा मी म्हणायचे, निवृत्त माणूस, बसलाय खुर्ची झिजवत. लोकांना उत्तरं देतायत हे मला ह्या परक्या बाईकडून कळलं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. "नवाच राहू द्या. पण आमची पद्धत त्यात घाला, आणि पंचमीच्या आत घाला."

"घालते. पण बरोबर आहे की नाही, ते तपासायला जुन्या खऱ्या तिथी लागतील."

त्या माझ्याकडे होत्या. दरवर्षी महाराष्ट्रातून कॅलेंडर मागवायचे हे, आणि सासू-सासऱ्यांच्या तिथीला, चतुर्थीला, एकादशीला लाल पेन्सिलीनं गोल करायचे. सगळी ट्रंकेत होती. आठवडाभर रोज संध्याकाळी मी चष्मा लावून फोनवर वाचत होते आणि ती तिकडे ताडून बघत होती. अधिक महिन्याच्या वर्षी दोन तिथी चुकल्या. तिनं सुधारल्या, मी पुन्हा वाचल्या. तेवढे दिवस घरात मराठी बोलणं झालं. काम संपलं, फोन थांबले.

पंचमीच्या चार दिवस आधी नवं पंचांग फोनवर आलं आणि बरोबर दिवशी वाजलं. मी पंडितजींना बोलावलं. ते म्हणाले, "अम्मा, अब तो पूस लग गया. बरसी हो गई, दो बार थोड़े ही होती है." त्यांच्या लेखी पौष लागला होता, ते आले नाहीत. मी पुन्हा सगळा स्वयंपाक केला, पान वाढलं, गच्चीच्या कठड्यावर घास ठेवला. कावळा बऱ्याच वेळानं आला. मग मी जेवले.

त्या पंचांगात आता ह्यांचं काही नाही. हेही नाहीत. मागे राहिलेली मी, शहात्तर वर्षांची बाई, झाशीत एकटी राहते.