भोक पडेपर्यंत बोंबील नाय

नर्मदामावशीला आमच्या चाळीत मागून सगळे 'म्हावरेवाली' बोलतात. तोंडावर बोलायची हिंमत कोणात नाय. मी तिच्याबद्दल लिहितेय, आणि आधीच सांगते, तिची बाजू घेऊनच लिहिणार. ज्याला पटत नाय त्याने वाचू नये.

मी प्रतीक्षा. दहावीच्या अगोदर शाळा सोडली, बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला जाते. कैलासदादा, अर्चनावहिनी, त्यांची सात वर्षांची स्वरा आणि मी, आमी चौघं एका खोलीत. आई, सोजराबाई, गावाला परभणीकडं. नर्मदामावशी शेजारच्या खोलीत एकटी राहते. माहेर इथल्याच समुद्राकाठच्या नवापूरचं, बाप होडीवाला. सकाळी मासळीची टोपली घेऊन निघते, दुपारी येऊन दारात बसते आणि उरलेलं म्हावरं साफ करते.

स्वराला खोकला होता. साधा नाय. बोलता बोलता मध्येच थांबायची आणि खांदे वर करून श्वास ओढायची. एक वाक्य पुरं करताना तिला दोनदा थांबावं लागायचं. डॉक्टरने श्वासाचा पंप दिला आणि बोलला, हिला चांगली हवा पाहिजे. झालं. वहिनीने ठरवून टाकलं, पाडव्याला आई येईल ती स्वराला गावी घेऊन जाईल, तिकडंच शाळेत घालू. स्वराने मला विचारलं, "आत्या, तू पण येणार?" तिची वेणी मी घालते, शाळेत मी सोडते. तिच्याशिवाय ती खोली मला खायला उठली असती.

ही जानेवारीतली गोष्ट. एका दुपारी वहिनी मावशीला बोलली, "मावशी, टोपली जरा लांब ठेवा ना. वासाने पोरीला त्रास होतो."

मावशीने विळी बाजूला सारली. "माझं म्हावरं बाहेर हाय. पोरगी खोकते आतमधी. बघू दे, काय ठेवलंयस आत."

आणि शिरली घरात. दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी डोळे पुसत बाहेर आली. "काय गं अर्चे, इथं माणसं राहतात का बोंबील सुकत टाकलेत? बोंबलाला तरी वारा लागतो!"

आमची खिडकी एकच, पश्चिमेला, कंपन्यांकडं तोंड. वास येतो म्हणून वहिनीने ती कायमची बंद केलेली, फटीत चिंध्या कोंबून. सगळी चाळच तशी राहायची. आणि मग आत फोडणीचा धूर, संध्याकाळी मच्छरची कॉईल, दोरीवर ओले कपडे. आमाला वाटायचं घाण बाहेर ठेवली. ती आमीच आत कोंडलेली, पोरीसकट.

मावशीने आता दार उघडं टाकलं होतं, ऊन आत येत होतं. तिची नजर स्वराच्या गादीच्या वर खिळ्यावर गेली. तिथं दादाचा कामावरचा ड्रेस. दादा रंगाच्या कंपनीत हाय, फर्स्ट शिफ्ट करून नुकताच आलेला, नळावर तोंड धूत होता. मावशीने ड्रेसवर एक थाप मारली. उन्हात पिवळी पावडर उडाली. उडाली आणि हळूहळू खाली बसली, स्वराच्या उशीवर.

दादा दारातच थांबलेला. "म्हणजे मीच?" एवढंच बोलला. सुट्टी न मारणारा माणूस माझा भाऊ, त्याचं ते तोंड मला बघवलं नाय.

"तू नाय रे, तुझा खिळा," मावशी बोलली. "खिळा काढ तिथनं."

त्या दिवसापासून दादा नळावर कपडे बदलतो. ड्रेस बादलीत, बादली बाहेर.

खिडकी कधी उघडायची ते पण मावशीनेच सांगितलं. "पहाटे वारा डोंगराकडनं येतो. माझा बाप त्याच वाऱ्यावर होडी काढायचा. अकराच्या आसपास वारा फिरतो, समुद्राकडनं कंपन्यांवरनं येतो. तेवा बंद कर. माझ्या बापाला घड्याळ लागलं नाय, तुमच्याकडं तर मोबाईल हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे चिंध्या काढल्या, खिडकी उघडली. मावशीने मधोमध अगरबत्ती लावली. धूर वर गेला आणि तिथंच लोंबत राहिला.

"वारा मागच्या भिंतीवर आपटतोय," ती बोलली. "त्याला आत यायला भोक पाहिजे."

मागची भिंत पूर्वेची. आणि भिंत तात्याची. तात्या आमचा चाळमालक.

"आज भोक मागता, उद्या दरवाजा मागाल," तात्या बोलला. "पावसात ओल आली तर कोण बघणार?"

"वरून पत्रा लावू," मी बोलले.

"तू गप. शाळा सोडलेल्या पोरीने मला बांधकाम शिकवू नये."

मी काय ते ऐकवणारच होते, पण मावशीने माझा दंड धरला. "बरं तात्या," एकदम गोड आवाजात बोलली. "मग ह्या भिंतीला भोक पडेपर्यंत तुला बोंबील नाय."

तात्या हसला. "बाजार काय तुझ्या बापाचा हाय?"

बाजार तिच्या बापाचा नाय. पण बाजारात बसणाऱ्या निम्म्या बाया नवापूरच्या, कोण तिची चुलत बहीण, कोण भाची. तात्या समोर आला की टोपलीवर फडकं पडायचं. "संपलं, तात्या." फडक्याखालून बोंबलाच्या शेपट्या दिसत असायच्या, तरी संपलं! आठ दिवस त्या माणसाने वांगं खाल्लं. नवव्या दिवशी त्याची बायको मंजुळाकाकी स्वतः छन्नी-हातोडा घेऊन आमच्या दारात. "फोडा गं बायांनो. मला ह्याची कटकट ऐकवत नाय."

रविवारी फोडलं. दादा आणि मी आळीपाळीने स्टुलावर चढून, मावशी खालून ओरडतेय, "वर! अजून वर! मांजराला दार करताय काय?" आरपार उजेड आला तसा दादाने हातोडा टाकला आणि भोकातून हात बाहेर काढून हलवत बसला, लहान पोरासारखा. मी वरून पत्रा ठोकला. कबुतरं शिरू नयेत म्हणून मावशीने बापाच्या जुन्या जाळ्याचा तुकडा आणून लावला. घरात जपून ठेवलेला तो.

सोमवारी पहाटे परत अगरबत्ती. आमी सगळे श्वास धरून. धूर जरा वर गेला, वाकला, आणि सरळ खिडकीतून बाहेर. "गेला! गेला!" स्वरा टाळ्या वाजवत होती.

एका दिवसात बरी झाली असं खोटं सांगणार नाय. पंप चालूच होता. कॉईल गेली, मच्छरदाणी आली. ओले कपडे गॅलरीत गेले. शिमग्यापर्यंत रात्रीचा खोकला कमी होत होत थांबला. डॉक्टरने छाती दोनदा तपासली आणि पंप कमी केला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आई आली. हातात मोठी रिकामी बॅग, स्वराच्या कपड्यांसाठी. पोरगी बरी हाय सांगितलं तर मानेना. "मी माझ्या कानानं ऐकते." तीन रात्री स्वराला कुशीत घेऊन झोपली. मला तीन रात्री झोप नाय. चौथ्या दिवशी आई उठून थेट मावशीच्या दारात गेली.

"एकदा बी उठली नाही लेकरू," आई बोलली. "मीच उठून बघायले, श्वास चालू हाय का म्हणून."

मावशी विळीवरून हलली नाय. "मग ती बॅग काय करणार आता?"

आईने बॅग पुढं केली. "सुकट मिळंल का?"

बॅगभर सुक्या मासळीच्या वासाने परभणीपर्यंत गाडीत तिच्या शेजारी कोण टिकलं नाय म्हणे. फोनवर हसू आवरत नव्हतं तिला.

आता तात्याने सगळ्या खोल्यांना भोकं पाडलीत आणि ज्याला त्याला सांगतो, माझी आयडिया. मी प्रत्येक वेळी तिथंच, सगळ्यांसमोर, खरं काय ते सांगते.

आणि सुट्टीच्या दिवशी अकरा वाजले की स्वरा गॅलरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. बारा खोल्या. "वारा फिरला, खिडक्या लावाऽऽऽ!" मध्ये कुठं थांबत नाय.

"कान फुटले माझे," तात्या खालून ओरडतो.

"फुटू देत," मावशी वरून ओरडते. "पोरीचा दम बघ!"