माईंची तिसरी चूल

हवामानबदलाशी जगाने किती जुळवून घेतलं, ते मोजायचं कसं, यावर देशोदेशीचे विद्वान वर्षानुवर्षं भांडताहेत. त्यातल्या दोघांना, एका परदेशी साहेबांना आणि एका बाईंना, एकदाचा समुद्र बघायची हुक्की आली आणि दुभाषी म्हणून माझी वर्णी लागली. पुण्याहून निघालो. अहवालाच्या मसुद्यात 'प्रगती' लिहावं की 'प्रगतीच्या दिशेने वाटचाल', हा वाद तळेरे आलं तरी मिटला नव्हता. मालवणातही वाटचालच चालू होती.

देवबाग म्हणजे वाळूची चिंचोळी पट्टी. पुढे दर्या, मागे खाडी. उतरलो पाहुण्यांची राहायची-जेवायची सोय करणाऱ्या माईंच्या घरी. लाटा अडवायचा दगडी बंधारा शेजाऱ्यांच्या कुंपणाशी येऊन थांबलाय. पुढे माईंचं घर उघडं. यांच्या सभाही अशाच अर्ध्यात थांबतात, म्हणून पाहुण्यांना काही खटकलं नाही.

जेवायला बांगड्याचं तिखलं (झणझणीत आमटी) होतं. साहेब घामाघूम, बाई सोलकढीवर सोलकढी मागताहेत. वाढता वाढता माई म्हणाल्या, "ही माझी तिसरी चूल. पयल्या दोन दर्यान व्हरल्यान (नेल्या). दर खेपेक मागे सरलंव."

मी भाषांतर केलं. साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे कुटुंबाने स्वतःहून जुळवून घेतलं! उत्तम उदाहरण!"

धन्य! घर वाहून गेलं की यांची प्रगती.

सकाळी निघताना माईंच्या यजमानांनी अंगणात नारळ ठेवून गाऱ्हाणं (देवाला विनवणी) घातलं. "बा देवा म्हाराजा, हे पावणे लांबसून इले हत. हेंच्या हातान आमचो बंधारो पुरो होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" घरचे ओरडले. पाहुण्यांनीही हात जोडून जोरात साथ दिली. अहाहा! इतक्या वर्षांनी एकमत, तेही दुरुस्ती न सुचवता.

मी अर्थ सांगितला आणि दोघांचे चेहरे उतरले.

"आम्हाला वाटलं स्तोत्र आहे," बाई म्हणाल्या. "हे आमच्यावर बंधनकारक नाही, असं त्यांना सांगा."

सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माईंनी माझ्या हातावर खोबरं ठेवलं.

"ऱ्हवांदे गो बाय. फक्त इतक्या इचार तेंका. आता फाटी (मागे) खाडी आसा. चवथी चूल मी खंय घालू?"

मी विचारलं. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "महत्त्वाचा मुद्दा आहे. पुढच्या सभेत घेऊ."

अहवालात देवबाग 'यशस्वी' ठरलं. मी पुण्याला पोचले, चहा टाकायला गॅस पेटवला. माझी चूल होती तिथेच होती.